डबल मिळेपर्यंत

मयूरी शेवाळे रोज सकाळी पेनांगमध्ये कॉफी पिऊन कराडला कामाला जायची. मधे अख्खा समुद्र होता, पण त्याचं तिला काही वाटेनासं झालं होतं. कराडनंतर अकोला, मग मस्कत, आणि दुपार कलल्यावर लेस्टरमधल्या एक गुजराती आजीबाई. या आजीबाई गुडघ्याच्या व्यायामापेक्षा सुनेच्या तक्रारीच जास्त मन लावून करायच्या. संध्याकाळी हातमोजे काढून खुंटीला टांगले की मयूरी परत जॉर्जटाउनमध्ये.

ती फिजिओथेरपिस्ट होती. पूर्वी या कामाला रुग्णाच्या अंगाला हात लावावा लागे, म्हणजे रुग्णाच्या गावात असावं लागे. आता पहिलं शिल्लक होतं, दुसरं गेलं होतं.

जॉर्जटाउन हे मलेशियातल्या पेनांग बेटावरचं जुनं शहर. इंग्रजांनी वसवलेलं, चिनी आणि तमिळ व्यापाऱ्यांनी गजबजवलेलं. कितीतरी रस्त्यांना लोक अजून साहेबाच्या काळातल्या नावांनी ओळखायचे, किल्ल्यावर अजून तोफा होत्या, आणि घरांसमोरून एक सलग पडवी जायची. ऊन असो की पाऊस, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत डोक्यावर छप्पर. घरांच्या दर्शनी भागाला हात लावायला कायद्याने बंदी होती. आत मात्र काय वाटेल ते करा. म्हणून जिथे मसाल्याची गोदामं, शिंप्यांची दुकानं, सोनारांच्या पेढ्या होत्या, तिथे आता लहान लहान खोल्या झाल्या होत्या आणि प्रत्येक खोलीत एकेक परदेशी माणूस डोळ्यांवर चष्मा चढवून हवेत हात हलवत बसलेला असे. मयूरीच्या खालच्या खोलीतला ब्राझीलचा माणूस तिकडच्या कुठल्याशा खाणीतलं यंत्र चालवायचा. शेजारची कोरियन मुलगी सोलच्या मुलांना मातीकाम शिकवायची. पर्यटक पडवीत उभे राहून निळ्या खिडक्यांचे फोटो काढायचे. त्या खिडक्यांमागे त्या गावचं जवळजवळ कुणी राहत नव्हतं, पण ते काही फोटोत येत नाही.

मूळची म्हणावी अशी एकच बाई त्या घरात होती, घरमालकीण मिसेस खू. सत्तरीच्या पुढच्या, विधवा. सकाळी पडवीत वेताच्या खुर्चीत बसून त्या डब्यातलं दूध घातलेली दाट कॉफी प्यायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवायच्या. मयूरीचं त्यांच्याशी छान जमे.

मयूरीला हे गाव आवडायचं, आणि का आवडायचं हेही तिला पक्कं ठाऊक होतं. घटस्फोटानंतर ती काही दिवस कराडला माहेरी राहिली होती. तेव्हा भाजीवाल्या मावशींपासून बँकेतल्या कॅशियरपर्यंत सगळ्यांनी तिची चौकशी केली होती. "मग, आता पुढं काय?" इथे तिला हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. त्यासाठी आणखी दोन समुद्र ओलांडावे लागले असते तरी तिने ओलांडले असते.

*

आता ते हातमोजे. दिसायला पातळ, पण आत हवेच्या बारीक पिशव्या आणि गरम-गार होणाऱ्या तारा. पलीकडे रुग्णाच्या घरात चाकांवरचं एक यंत्र, त्याला दोन हात, मऊ रबरी कातडी, वर कॅमेरा आणि बोलायला स्पीकर. मयूरीने इकडे बोट वाकवलं की तिकडे बोट वाकायचं. तिकडे स्नायू आखडला की इकडे तिच्या बोटांना तो कळायचा.

अडचण एकच होती, आणि ती निसर्गाने घातलेली होती. समुद्राच्या तळाशी टाकलेल्या काचेच्या तारेतून प्रकाश कितीही वेगाने धावला तरी त्याला जायला वेळ लागतो आणि यायलाही लागतो. सगळा हिशोब केला तर पापणी लवायला लागतो तेवढा. बोलताना तो जाणवत नाही, पण स्पर्शाला तेवढाही उशीर खपत नाही. दुखरा खांदा 'आता बास' म्हणतो तेव्हा हात त्याच क्षणी थांबायला हवा, पापणी लवल्यावर थांबून चालत नाही.

यावर तोडगा निघाला तो असा. यंत्रातच एक प्रोग्रॅम बसवला. तो हातमोजे घातलेल्या माणसाची हात वापरायची पद्धत शिकून घेई आणि पुढच्या क्षणी हा हात काय करेल ते आधीच ओळखून तसं करून टाकी. खरा संदेश मागून येई. अंदाज बरोबर निघाला तर उत्तमच, चुकला तर किंचित दुरुस्ती. कंपनीच्या माहितीपत्रकात त्याचं नाव बरंच लांबलचक होतं. काम करणारे त्याला नुसतं 'सावली' म्हणायचे, फक्त ही सावली माणसाच्या पापणीभर पुढे चालायची.

आणि जी पापणीभर पुढे चालू शकते, ती हळूहळू आणखी पुढेही चालायला शिकतेच. पण ते नंतर.

*

मयूरीचे वडील, आप्पा, एसटीत कंडक्टर होते आणि निवृत्त झाले ते कराड स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून. एसटीत एक घंटा म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला. या दोन घंटांना सगळे 'डबल' म्हणतात. डबल मिळाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. नियंत्रक झाल्यावर आप्पांच्या हातातली घंटेची दोरी गेली, पण सवय कुठे जाते? ते गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारायचे आणि म्हणायचे, "चल, जाऊ दे."

घरीही तेच. मयूरी शाळेत निघाली की पाठीवर दोन थापा. सासरी निघाली तेव्हा दोन थापा. कोर्टातून सुटून रिकाम्या हाताने परत आली, त्या दिवशी मात्र त्यांनी तिला नुसतं जवळ बसवून घेतलं होतं. पेनांगला जाताना सगळं गाव 'एवढ्या लांब कशाला' म्हणत होतं. आप्पांनी पाठीवर दोन थापा मारल्या. "चल, जाऊ दे." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण डबल दिली म्हणजे दिली.

आप्पांना पक्षाघात झाला तेव्हा उजवी बाजू गेली आणि बोलणं जड झालं. मयूरीचा धाकटा भाऊ सुशांत आणि त्याची बायको घरातच होते, पण सुशांतचं स्कूटरच्या बॅटऱ्यांचं दुकान आणि बायकोची शाळेतली नोकरी, त्यामुळे दिवसभर आप्पा एकटे. मयूरी धावत गेली, पंधरा दिवस राहिली आणि येताना यंत्र बसवून आली. आपल्या बापाला आपणच बरं करायचं, एवढाच विचार त्यात होता.

पहिल्या दिवशी आप्पा यंत्राकडे बघून म्हणाले, "ह्ये काय बुजगावणं उभं केलंय?"

मयूरीने त्यांचा लुळा उजवा हात हातात घेतला आणि अंगठ्याने तळव्याच्या मधोमध हलकेच दाबलं. आप्पांनी त्या रबरी बोटांकडे बघितलं.

"मयू?"

"हो आप्पा."

"कवा आलीस गं?"

ती म्हणाली, "ही काय, आत्ताच."

व्यायाम झाल्यावर त्यांनी चांगला असलेला डावा हात कसाबसा पुढे आणला आणि रबरी हातावर दोनदा थोपटलं. "जाऊ दे." पेनांगमध्ये मयूरीच्या हाताच्या पाठीवर दोन थापा पडल्या. ती चष्म्याआड ढसाढसा रडली.

मग तो रिवाजच झाला. व्यायाम संपला तरी आप्पांचा हात ती हातात धरून बसायची. ते गावातलं काहीबाही सांगायचे, निम्मं कळायचं, निम्मं नाही. डबल मिळाली की मगच ती हात सोडायची. त्याआधी कधीच नाही.

*

रोज भेट होत असल्यामुळे भेटायला जायचं राहून गेलं.

आधी गणपतीला जायचं ठरलं होतं, ते दिवाळीवर गेलं. दिवाळीत अकोल्याच्या रुग्णाचं ऑपरेशन निघालं. मग उन्हाळा. सुशांत फोनवर म्हणाला, "ताई, एकदा येऊन तर जा." ती म्हणाली, "अरे, रोज सकाळी तिथंच तर असते की मी." तेही खोटं नव्हतं. आप्पांचा खांदा सुटत होता. ते काठी घेऊन अंगणापर्यंत जायला लागले होते.

एकदा पडवीत कॉफी पिताना तिने हे सगळं मिसेस खूंना कौतुकाने सांगितलं.

"माझा मुलगा मेलबर्नला असतो," मिसेस खू म्हणाल्या. "त्यानेही असलंच एक यंत्र पाठवलं होतं. मी आठवड्यात परत पाठवून दिलं."

"का?"

"ते घरात असतं तर तो कधीच आला नसता."

"मग परत पाठवल्यावर आला?"

"नाही." मिसेस खूंनी कप खाली ठेवला. "पण तो आलेला नाही, हे मला निदान कळतं तरी."

मयूरीला म्हातारी फारच खवचट वाटली. तिने पुढे दोन दिवस पडवीत बसायचं टाळलं.

*

पावसाळ्याच्या तोंडावर कुठल्याशा जहाजाच्या नांगरात समुद्रातली तार अडकली आणि तुटली. मयूरी त्या वेळी आप्पांचं मनगट फिरवत होती. चष्म्यात एकदम अंधार झाला, हातमोजे पोकळ पडले. मनगट अर्ध्यात धरलेलं, आप्पा घाबरले तर? धडपडले तर? तिने सुशांतला फोन लावून बघितला, तोही लागेना.

दुसऱ्या मार्गाने जोडणी होईपर्यंत बराच वेळ गेला. चित्र परत आलं तेव्हा आप्पा खुर्चीत आरामात बसले होते आणि चेहऱ्यावर समाधान होतं. व्यायाम संपलेला होता.

"आज बरा हात लागला तुजा," आप्पा म्हणाले. "घाई न्हवती."

तिने कंपनीच्या माणसाला फोन केला. तो मोठ्या अभिमानाने सांगू लागला. संपर्क तुटला तरी रुग्णाला अर्धवट सोडायचं नाही म्हणून सावलीला पुढे चालू राहायची मुभा दिली आहे. ती तुमच्याच हातून शिकलेली आहे. तुम्ही जे केलं असतंत तेच ती करते. मधूनमधून तुमच्या आवाजात 'हं' म्हणते, 'दुखतंय का' विचारते. शेवटी हात धरून बसते आणि तुमच्या वडिलांनी दोनदा थोपटलं की सोडते. "ते तर आम्ही शिकवलंच नव्हतं मॅडम, तिने तुमचं बघून घेतलं."

"घाई नव्हती म्हणाले ते," मयूरी म्हणाली.

"ती तुमच्या सुरुवातीच्या दिवसांवरून शिकली ना. तेव्हा तुम्ही जास्त वेळ द्यायचात."

तिला रडू आलं नाही, राग आला. स्वतःच्याच हाताचा मत्सर वाटावा, ही काय तऱ्हा? आप्पांना खरं सांगून टाकावं असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी ते इतके खुशीत होते की तिला सांगणं जिवावर आलं. तिसऱ्या दिवशी तिला ताप होता. सावलीला मुभा द्यायचं एक बटण होतं, ते तिने दाबलं. सोय झाली. मग एकदा मस्कतच्या रुग्णाची वेळ आड आली. मग एकदा नुसताच कंटाळा आला. बघता बघता ते अंगवळणी पडलं. ती रोज जायची, पण कधी सुरुवातीला, कधी शेवटी, कधी नुसती डोकावून. कराडला मात्र तिचे हात रोज ठरल्या वेळी हजर असायचे.

*

त्या शनिवारी खालचा ब्राझीलवाला आणि कोरियन मुलगी पेनांगच्या टेकडीवर निघाले होते. मयूरीही गेली. बटण दाबून गेली. रुळांवरून चढत जाणाऱ्या गाडीतून खाली सगळं शहर दिसत होतं. लाल कौलं, समुद्र, पलीकडे मलेशियाच्या मुख्य भूमीचा किनारा. तिने आप्पांसाठी फोटो काढला. संध्याकाळी दाखवू म्हणाली.

ऊन चढल्यावर ती घरी परतली. पडद्यावर कराडच्या नावापुढे अजून हिरवा दिवा होता. म्हणजे व्यायाम अजून चालूच. एवढा वेळ? तिला हसू आलं. आप्पा रंगात येऊन कुणाची तरी उखाळीपाखाळी काढत असतील. तिने हातमोजे चढवले. सावलीने नेहमीप्रमाणे हात तिच्या स्वाधीन केले.

उजव्या हातात आप्पांचा हात होता. तो जड होता. आणि गार होता.

चष्मा लावायच्या आधीच तिला कळलं. आयुष्यभर माणसांचे हात हातात घेतलेली बाई ती, तिला सांगावं लागलं नाही. तरी तिने चष्मा लावला. आप्पा खुर्चीत बसलेले होते, मान यंत्राच्या बाजूला कललेली. काही बोलता बोलता डोळा लागावा तसे. समोर टीव्ही चालू होता.

"आप्पा," ती म्हणाली. "आप्पा, मी आलेय. आत्ताच आले."

व्यायाम कधीच संपला होता. सावली हात धरून डबलची वाट बघत बसली होती.

*

फोन केल्यावर सुशांत दुकानातून धावत आला. त्याने नाडी बघितली, छातीला कान लावला आणि जमिनीवर बसकण मारली. शेजारचे डॉक्टर येऊन गेले. झोपेतच गेले म्हणाले, त्रास झाला नसेल म्हणाले. आप्पांना खाली घ्यायचं होतं. पण रबरी हाताने त्यांचा हात धरलेला होता.

"ताई," सुशांत म्हणाला, "सोड आता."

तिने नुसती बोटं उघडायची होती. दुसरं काहीही करायचं नव्हतं. तिला ते होईना.

"सुशा, मी नव्हते रे इथं," ती म्हणाली. "ते गेले तेव्हा मी नव्हते. मी फिरायला गेले होते. हे मशीन होतं नुसतं. त्यांना वाटलं असेल मीच आहे."

सुशांतने डोळे पुसले. "त्यास्नी म्हाईत होतं, ताई."

"काय?"

"पहिल्यापासनं. ती तार तुटली न्हवती का, तवापासनं. तू असलीस की मधीच तुजा हात थांबायचा म्हणे. तुज्या मनात काय तरी दुसरं यायचं. मग परत चालू व्हायचा. ह्या मशीनचा कधी थांबायचा न्हाई. तवा आप्पा मला सांगायचे, आज पोरगी न्हाई, आज तिची बदली ड्युटी आलीय."

"मग मला बोलले का नाहीत?"

"मी म्हटलं सांगतो ताईला. तर म्हणाले, गप बस. दमत आसंल ती. तिला तिकडं बरं वाटतंय तर ऱ्हाऊ दे. आणि बदलीवाल्याला पण डबल द्यायचे. इमानानं आलाय बिचारा, म्हणायचे."

स्वतःच्या ज्या हाताला मयूरी सावलीच्या हातापेक्षा कमी समजली, त्या चुकार, विसराळू, मधेच थांबणाऱ्या हाताचीच ते वाट बघत होते. रोज सकाळी. आणि तो थांबला नाही की ओळखायचे, की आज आली नाही.

"आमी थांबतो तुज्यासाठी," सुशांत म्हणाला. "तू कधीही पोच. उद्या पोच. बर्फ आणतो मी. पन आता ह्यास्नी खाली घ्यायला पायजे, ताई. सोड."

"सुटत नाही रे."

खरंच सुटत नव्हता. उभ्या आयुष्यात तो हात तिने स्वतःहून कधी सोडलाच नव्हता. आज आप्पांनी जा म्हटलेलं नव्हतं.

सुशांत उठला, खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला गेला. आप्पांचा डावा हात मांडीवर पडलेला होता. तो त्याने दोन्ही हातांनी उचलला, लहान मुलाचा हात धरून अक्षरं गिरवून घ्यावीत तसा. रबरी हातावर नेला. आणि आप्पांच्याच तळव्याने दोन थापा मारल्या.

पेनांगमध्ये, निळ्या खिडकीमागच्या खोलीत, मयूरीच्या हाताच्या पाठीवर दोन गार थापा पडल्या.

"चल," सुशांत म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. "जाऊ दे."

बोटं उघडली. आप्पांचा हात निसटला आणि हातमोजा हलका झाला. बोटं तिने उघडली, की पापणीभर आधी सावलीने, हे तिला पुढे कधीच कळलं नाही.